प्राध्यापकीचा पगार: कुठे बोलायचं, कुठे नाही, आणि सही करण्याआधी काय वाचायचं

गेल्या जूनमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी संध्याकाळी घरी आली. पीएचडी नुकतीच हातात पडलेली, सेट, म्हणजे राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा, आधीच झालेली. तिने पर्समधून प्लास्टिकचं फोल्डर काढलं आणि आतलं ऑफर लेटर माझ्यापुढे ठेवलं. खाजगी विद्यापीठ, सहायक प्राध्यापक, वर्षाला 9,00,000 रुपये. "सोमवारपर्यंत सही करून पाठवायचंय, मॅडम. पगाराचं काही बोलता येतं का हो यात? की बोललं तर वाईट दिसेल?"

वाईट दिसेल ही भीती आपल्या क्षेत्रात फार खोल रुजलेली आहे. तिच्याच वर्गातली आयटीत गेलेली मुलं पगाराची घासाघीस करून मगच रुजू होतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शिकवण्याच्या नोकरीत मात्र पैशाचा विषय काढला की आपण विद्येचा बाजार मांडतोय, असं आपलं आपल्यालाच वाटायला लागतं. समोरच्या संस्थेला तसं काही वाटत नसतं. आकडा काढण्याआधी तिचा पुरता हिशेब झालेला असतो. मग तोच हिशेब आपण का करू नये?

बाहेरून बघणाऱ्याला सगळे 'प्राध्यापक'च दिसतात. पण अनुदानित (म्हणजे जिचा पगार शासन देतं अशा) जागेवरचा, कंत्राटावरचा, तासिका तत्त्वावरचा (म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणारा) आणि विनाअनुदानित किंवा खाजगी विद्यापीठातला, या चौघांच्या पगाराचे नियम वेगवेगळे आहेत. हे चौघं एकाच स्टाफरूममध्ये एका टेबलावर डबा खात असतात आणि एकाच विषयाचे पेपर तपासत असतात. म्हणून पगाराचं बोलण्याआधी आपण या चौघांपैकी कोण, हे पक्कं करायचं.

स्केल ठरलेलं असलं तरी

शासकीय, विद्यापीठीय किंवा अनुदानित जागा असेल तर पगारावर घासाघीस होत नाही. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, 18 जुलै 2018 ची नियमावली आणि महाराष्ट्र शासनाचा 8 मार्च 2019 चा शासन निर्णय यांनी सगळं बांधून दिलेलं आहे. सहायक प्राध्यापक अकॅडेमिक लेव्हल 10 वर लागतो आणि त्याचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं. वेतनाचा तक्ता म्हणजे उभ्या रांगेतल्या घरांसारखा असतो: 57,700, मग 59,400, मग 61,200, 63,000, 64,900. दरवर्षी साधारण 3 टक्क्यांची एक वेतनवाढ मिळते आणि माणूस एक घर खाली सरकतो. मूळ वेतनावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता मिळतो. पुण्या-मुंबईला घरभाड्याचा दर सगळ्यात जास्त, नाशिक-नागपूर-कोल्हापूरला त्याहून कमी, लहान गावांत सगळ्यात कमी.

एक हिशेब करून बघू. महागाई भत्ता बदलत राहतो, म्हणून सोयीसाठी 50 टक्के धरते. 57,700 वर 28,850 महागाई भत्ता आणि पुण्यात 30 टक्क्यांनी 17,310 घरभाडे. बेरीज 1,03,860. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे तो दोनदा लागणार आहे.

निवड समितीपुढे बसून "मला याहून जास्त हवेत" म्हणण्यात इथे काही अर्थ नाही, कारण द्यायचा अधिकार समोर बसलेल्यांकडे नसतो. पण म्हणून पगाराबद्दल करण्यासारखं काहीच नाही, असा समज करून घेऊ नका. लेव्हल ठरलेली असली तरी त्या लेव्हलमधल्या कुठल्या घरात तुमची सुरुवात होणार, हे वेतननिश्चितीत ठरतं. आणि वेतननिश्चिती कागदावर होते. जो कागद फाइलमध्ये नाही, तो तिच्या दृष्टीने घडलेलाच नाही.

समजा, तुम्ही सोलापूरच्या एका अनुदानित महाविद्यालयात पाच वर्षं नियमित नोकरीत आहात आणि आता पुण्याच्या विद्यापीठात निवड झाली आहे. अर्ज सध्याच्या संस्थेमार्फत, म्हणजे 'थ्रू प्रॉपर चॅनेल', केला होता का? ना हरकत प्रमाणपत्र आहे का? राजीनामा दुसऱ्या पदावर रुजू होण्यासाठी देत आहोत, असं त्यात स्पष्ट लिहिलंय का? कार्यमुक्ती आदेश, अंतिम वेतन प्रमाणपत्र आणि सेवापुस्तक, तिन्ही घेतलं का? हे सगळं असेल तर सध्याचं वेतन संरक्षित करून मागायला आधार मिळतो. यातला एखादा कागद राहिला तर पहिल्या घरात उभं राहण्याची पाळी येऊ शकते, आणि नंतर उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाच्या खेपा सुरू होतात. त्या खेपांमध्ये लोकांची चार-चार वर्षं गेलेली मी बघितली आहेत. म्हणून माझं ठाम मत असं की वेतन संरक्षणाचा लेखी अर्ज रुजू होतानाच द्यावा, रुजू अहवालासोबत, आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. महिनाभराने दिला तर तो एक साधा अर्ज होतो. त्या दिवशी दिला तर तो नेमणुकीच्या कागदांचाच भाग राहतो.

पीएचडीच्या वेतनवाढींबद्दल बराच गैरसमज आहे. सहाव्या वेतन आयोगात पीएचडी घेऊन रुजू होणाऱ्याला पाच जादा वेतनवाढी मिळायच्या. सातव्या आयोगाच्या वेळी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 2 नोव्हेंबर 2017 च्या पत्रात त्या बंद केल्या. पीएचडीचा फायदा आता पदोन्नतीत, म्हणजे आपण ज्याला कॅस म्हणतो त्यात, मिळतो. पीएचडी असेल तर लेव्हल 10 वरून 11 ला जायला चार वर्षं लागतात, एमफिलवाल्याला पाच, दोन्ही नसेल तर सहा. लेव्हल 11 ची सुरुवात 68,900 ला होते. त्यामुळे ज्येष्ठ सहकारी "आम्हाला पाच इन्क्रिमेंट मिळाली, तूही माग" म्हणाले तर ते खोटं बोलत नसतात, त्यांचा काळ वेगळा होता.

वरच्या पदांवर थोडी जागा आहे. यूजीसीच्या 2010 च्या नियमावलीत सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून थेट येणाऱ्या उमेदवाराला त्याचं संशोधन आणि अनुभव बघून जादा वेतनवाढी द्यायचा अधिकार संस्थेला दिला होता. उमेदवाराशी बोलणी करताना हे ठरवावं, असं त्यातच म्हटलं होतं. केंद्रीय संस्थांमध्ये निवड समितीने अशी शिफारस केल्याची उदाहरणं असतात. आयआयटीची तर चौकटच निराळी आहे. तिथे ग्रेड एकच्या सहायक प्राध्यापकाची सुरुवात लेव्हल 12 ला 1,01,500 मूळ वेतनावर होते. अशा ठिकाणी मुलाखत देणार असाल तर जादा वेतनवाढीची विनंती मुलाखतीआधी लेखी द्या, सोबत शोधनिबंध आणि प्रकल्पांची यादी जोडा. समितीची शिफारस एकदा इतिवृत्तात गेली की नंतर त्यात भर घालायला कुणी धजत नाही.

आज कमी घेतलं तर वर्षंही कमी होतात

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले, ती सांगते.

2012 ते 2016 अशी चार वर्षं मी एका महाविद्यालयाच्या विनाअनुदानित विभागात शिकवलं. नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, झालेली होती, वर्कलोड पूर्ण होता, परीक्षा, एनएसएस, प्रवेश समिती, सगळी कामं नियमित शिक्षकाइतकीच. पगार दरमहा 14,000, 'कन्सॉलिडेटेड', म्हणजे वेगळे भत्ते नसलेली ठोक रक्कम. माझ्याच विभागातले अनुदानित जागेवरचे सर त्या वेळी माझ्या अडीच-तीन पट घेत होते. मला त्याचं दुःख नव्हतं, खरंच नव्हतं. अनुभव जमा होतोय, तो पुढे मोजला जाईल, असं धरून मी चालले होते. 2016 मध्ये दुसरीकडे अनुदानित जागा मिळाली. पुढे 2020 मध्ये कॅसची फाइल केली तेव्हा आधीची चार वर्षं धरण्याची विनंती केली. फाइल परत आली. पेन्सिलने एका ओळीचा शेरा होता: 'एकूण वेतन नियमितपेक्षा कमी.'

तेव्हा मी 2018 च्या नियमावलीचं दहावं कलम पहिल्यांदा नीट वाचलं. मागची सेवा थेट निवडीसाठी आणि कॅससाठी कशी मोजायची, ते त्यात आहे. सोप्या शब्दांत सांगायचं तर कंत्राटी किंवा तात्पुरती सेवा मोजली जाते, पण तीन गोष्टी हव्यात. त्या वेळी तुमची पात्रता यूजीसीच्या नियमांत बसणारी असली पाहिजे. नेमणूक रीतसर नेमलेल्या निवड समितीच्या शिफारशीवरून झालेली असली पाहिजे. आणि तुम्हाला मिळणारं एकूण मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण वेतनापेक्षा कमी नसलं पाहिजे. अतिथी व्याख्याता म्हणून केलेलं काम तर कितीही वर्षांचं असलं तरी धरत नाहीत. संस्था सरकारी की खाजगी, याने मात्र फरक पडत नाही, असंही तिथेच लिहिलंय.

तिसरी अट पुन्हा वाचा. 'एकूण वेतन.' मघाचे 1,03,860 आठवा. त्याऐवजी 35,000 वर कंत्राटी सही केली तर तुम्ही दरमहा 68,860 रुपये सोडताच, शिवाय त्या वर्षांवरचा हक्कही सोडता. चार वर्षं मोजली गेली असती तर लेव्हल 11 चार वर्षं आधी आली असती, आणि तिच्यामागोमाग पाच वर्षांनी येणारी लेव्हल 12 सुद्धा. सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी आठ वर्षांचा अनुभव लागतो, त्यातही हाच पेच उभा राहतो.

मजा अशी की कंत्राटी शिक्षकाला नियमितपेक्षा कमी द्यावं, असं नियम कुठेच म्हणत नाहीत. त्याच नियमावलीत लिहिलंय की कंत्राटी नेमणुका अगदी गरज असेल तरच कराव्यात, त्या एकूण शिक्षकांच्या 10 टक्क्यांवर जाऊ नयेत, आणि अशा शिक्षकाचं वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण वेतनापेक्षा कमी नसावं. अतिथी प्राध्यापकांसाठी यूजीसीने 28 जानेवारी 2019 ला तासाला 1,500 रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 असा दर काढला. आपल्याकडे तासिका तत्त्वावर काम करणारी नेट-सेट झालेली हजारो मुलं त्याच्या जवळपासही पोहोचत नाहीत. सुट्टीच्या महिन्यांत तर त्यांच्या हाती काहीच पडत नाही. हे बदलायला संघटना आणि न्यायालयं हेच मार्ग आहेत, एकट्या उमेदवाराच्या बोलण्याने दर वाढणार नाही. तरीही एकट्याला करण्यासारखं थोडं असतं. जाहिरात कुठल्या दिवशी कुठल्या वर्तमानपत्रात आली त्याचं कात्रण, निवड समितीच्या इतिवृत्ताची प्रत, विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र, नेमणुकीचा आदेश आणि दर महिन्याची पगाराची पावती, हे सगळं जपून ठेवा. मी पावत्या ठेवल्या होत्या, इतिवृत्ताची प्रत मागायचं सुचलंच नव्हतं.

पगाराची पूर्ण रक्कम बँकेत जमा करून त्यातले काही पैसे रोख परत मागायची पद्धत काही ठिकाणी आहे, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला हो म्हणू नका. नोकरीची गरज मला कळते. पण तुम्ही न घेतलेल्या पैशाची पावती तुमच्या सहीने तयार होते आणि उद्या तक्रार करायची म्हटली तर तीच पावती तुमच्याविरुद्ध उभी राहते.

नऊ लाखांची फोड

विद्यार्थिनीच्या पत्राकडे परत येते. 9,00,000 म्हणजे महिन्याला 75,000. पत्राच्या तिसऱ्या पानावर बारीक टायपात फोड दिलेली होती. आम्ही चहा बाजूला ठेवला आणि पाठकोऱ्या कागदावर ती उतरवून काढली.

मूळ वेतन 38,000. घरभाडे 15,200. विशेष भत्ता 9,000. कामगिरीवर आधारित रक्कम 8,000. संस्थेचा पीएफचा वाटा 1,800. ग्रॅच्युइटी 1,828. आरोग्य विमा 1,172. बेरीज बरोबर 75,000.

आता यातलं खात्यात काय येणार? पीएफचा संस्थेचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि विमा दरमहा हातात येत नाही. ग्रॅच्युइटी तर साधारणपणे पाच वर्षं टिकलात तरच. कामगिरीची रक्कम वर्षाअखेरीस, तीही कुणी किती गुण दिले त्यावर. उरले 62,200. त्यातून तिचा स्वतःचा पीएफचा वाटा 1,800 आणि व्यवसाय कर 200 वजा केले तर 60,200. आयकर आम्ही धरलाच नव्हता. पंचाहत्तर वाचून आलेली मुलगी साठ बघून गप्प झाली.

यातल्या प्रत्येक ओळीचं वजन सारखं नसतं आणि बोलताना हेच लक्षात ठेवायचं. सगळ्यात जड ओळ मूळ वेतनाची. वार्षिक वाढ, ग्रॅच्युइटी, पीएफ, रजेचं रोखीकरण, जवळपास सगळं तिच्यावर टेकलेलं असतं. विशेष भत्त्यात 4,000 वाढवून दिले तर दरमहा 4,000 मिळाले, विषय संपला. मूळ वेतनात 4,000 वाढले आणि त्यावर दरवर्षी 3 टक्के चढत गेले तर दहा वर्षांत फक्त त्या वाढीचेच साडेपाच लाख होतात. कामगिरीच्या 8,000 ची ओळ सगळ्यात हलकी. ते पैसे आहेत असं धरून घराचा हप्ता ठरवू नये.

पीएफच्या ओळीत एक गोष्ट दडलेली आहे. कायद्याने 15,000 रुपयांच्या मर्यादेवर 12 टक्के, म्हणजे 1,800 भरले तरी चालतात, म्हणून संस्था तेवढेच भरते. पूर्ण मूळ वेतनावर भरले असते तर 4,560 झाले असते. शेजारी सरकारी जागेचा आकडा ठेवून बघा. तिथे एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, सरकारचा वाटा मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या 14 टक्के असतो. मघाच्या उदाहरणात ते दरमहा 12,117 होतात. 'पगारात फार फरक नाही' म्हणणाऱ्याने म्हातारपणाची ही ओळ पाहिलेली नसते. मात्र पीएफ पूर्ण मूळ वेतनावर मागताना तो ठरलेल्या 75,000 च्या वर मागायचा. नाहीतर तेवढीच रक्कम विशेष भत्त्यातून कापून इकडे टाकतात.

"आमच्याकडे सातवा वेतन आयोग आहे" हे वाक्य खाजगी संस्थांमध्ये वारंवार ऐकू येतं. ऐकलं की दोन प्रश्न विचारायचे: मूळ वेतन कुठल्या घरात धरणार, आणि महागाई भत्ता किती टक्के? कारण मूळ वेतन 57,700 दाखवून महागाई भत्ता कुठल्या तरी जुन्या दरावर गोठवून ठेवला की एकूण रक्कम बरीच खाली येते आणि वाक्य तरी खरंच राहतं. आणि मग दहाव्या कलमातली 'एकूण वेतन' ही अट पुन्हा आडवी येते. उद्या अनुदानित किंवा शासकीय विद्यापीठात जायची इच्छा असेल तर हे दोन प्रश्न पगाराइतकेच महत्त्वाचे.

बोलायचं कधी आणि कसं

मुलाखतीत "अपेक्षा किती?" असं विचारतात. तिथे आकडा सांगायची घाई करू नये. "यूजीसीच्या सध्याच्या वेतनश्रेणीप्रमाणे एकूण वेतन मिळावं, ही माझी अपेक्षा आहे" हे उत्तर पुरेसं आहे आणि ते खोटंही नाही. खरं बोलणं ऑफर हातात आल्यानंतर आणि होकार देण्याआधी करायचं. या काही दिवसांतच तुमच्या शब्दाला वजन असतं. त्यांनी शंभर अर्ज चाळून तुम्हाला निवडलेलं असतं, नवं सत्र तोंडावर आलेलं असतं आणि वेळापत्रकात तुमच्या नावाचे तास टाकून झालेले असतात. रुजू झाल्यावर "पुढच्या वर्षी बघू" याखेरीज काही ऐकायला मिळत नाही.

बोलायच्या आधी माहिती जमवावी. तिथे शिकवणाऱ्या ओळखीच्या माणसाला सरळ विचारावं. पगार विचारणं आपल्याकडे अवघड जातं, पण "सुरुवातीला मूळ वेतन कितीच्या आसपास देतात?" असं विचारलं तर बहुतेक जण सांगतात. दुसरं साधन फार कमी लोक वापरतात, ते म्हणजे एनआयआरएफ. राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था आपली माहिती भरतात आणि ती संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवतात. त्या पत्रकात शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या पगारावर वर्षाला किती खर्च झाला, ते असतं. शिक्षकांची संख्याही असते. शिक्षकेतरांचा पगार त्यात मिसळलेला असल्याने भागाकार अचूक येत नाही, पण संस्था पगारावर ऐपतीच्या मानाने किती खर्च करते याचा अंदाज नक्की येतो. बऱ्याच पत्रकांत शिक्षकांची यादीही असते, रुजू झाल्याच्या तारखेसह. ती शांतपणे वाचा. निम्मे लोक गेल्या दोन वर्षांत आलेले असतील तर आधीचे का गेले, हे विचारायला हवं.

प्रत्यक्ष बोलताना आवाज चढवायचा नाही आणि अजीजीही करायची नाही. "सर, मला इथे यायचंय. पत्र वाचलं. दोन-तीन गोष्टींवर बोलायचं होतं." इथून सुरुवात करावी. मागण्या तीनच ठेवाव्यात, कारणासह, आणि घरच्या अडचणी कारण म्हणून सांगू नयेत. घराचा हप्ता, आईचं आजारपण ही तुमची खरी गरज असेल, पण समोरच्याने पगार तुमच्या कामावर ठरवावा असं वाटत असेल तर कामाचंच बोलावं. शोधनिबंध, एखादा प्रकल्प, तुम्ही शिकवू शकता असा नवा पेपर, आधीच्या संस्थेतलं वेतन.

मुलींना एक प्रश्न हमखास येतो: "मिस्टर काय करतात?" तो सहज गप्पांसारखा येतो, हसत, चहा ढवळता ढवळता. पण तो पगाराच्या बोलण्यात आला की त्याचा अर्थ एकच: घरात दुसरा पगार आहे, मग हिला कमीवर भागेल. माझ्या त्या चौदा हजारांआधी मला तो विचारला गेला होता आणि मी अगदी उत्साहाने उत्तर दिलं होतं. आता मी मुलींना सांगते, "ते त्यांच्या कामात आहेत, आपण माझ्या कामाचं बोलू" एवढंच म्हणा आणि पुढच्या मुद्द्यावर जा.

आकडा हलत नसेल तर बाकीच्या गोष्टी मागाव्यात, आणि त्यातल्या काही पैशापेक्षा मोलाच्या असतात. पहिली, तास. यूजीसीच्या नियमात सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन आहे, सहयोगी आणि प्राध्यापकाला 14. खाजगी ठिकाणी 22-24 तास देतात, वर प्रवेशाच्या हंगामात शाळाशाळांतून माहितीपत्रकं वाटायला पाठवतात. पगार 5,000 ने वाढवून तास 16 वरून 24 केले तर प्रत्येक तासाचा मोबदला उलट कमीच झाला. शिवाय संशोधनाला वेळ उरला नाही की शोधनिबंध नाहीत, आणि ते नाहीत म्हणजे पुढची पदोन्नतीही नाही. म्हणून '16 तास' हे नेमणुकीच्या पत्रात लिहून मागा. विज्ञान शाखेत असाल तर संशोधनासाठी सुरुवातीचा निधी आणि प्रयोगशाळेत जागा, तेही आकड्यासह. परिषदेला जाण्याची रजा आणि खर्च. परिविक्षा किती काळ, नोटीस किती महिन्यांची, बाँड आहे का. मूळ प्रमाणपत्रं पडताळणीला दाखवा आणि त्याच दिवशी परत घ्या, ती संस्थेच्या कपाटात ठेवू नका.

अमेरिकेत पोस्टडॉक करून तिथेच प्राध्यापकी शोधणारी आपली मुलंही बरीच आहेत. त्यांच्यासाठी हे गणित उलटं असतं. तिथे बोलणी होतात हे गृहीतच धरलेलं असतं, पहिल्याच पत्राला हो म्हणणं अपवाद. पगार बहुधा नऊ महिन्यांचा असतो, उन्हाळ्याचा पगार संशोधनाच्या निधीतून काढायचा असतो. म्हणून तुलना करताना नऊ महिन्यांचा आकडा बारा महिन्यांच्या आकड्याशेजारी ठेवू नये. बऱ्याच राज्यांत सरकारी विद्यापीठांचे पगार नावानिशी जाहीर असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे तर घरबसल्या बघता येतात. विज्ञान-अभियांत्रिकीत पगारापेक्षा स्टार्टअप निधीवरच जास्त बोलावं लागतं, कारण त्याच पैशावर प्रयोगशाळा उभी राहते. व्हिसाचा आणि ग्रीन कार्डाचा खर्च कोण करणार, हे तोंडी ठेवू नये.

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून मेल लिहिला. सहा ओळींचा. मूळ वेतन 38,000 ऐवजी 45,000 करावं, कामगिरीची 8,000 ची रक्कम निश्चित पगारात घ्यावी, आठवड्याचे तास पत्रात लिहावेत. तिने तो शनिवारी सकाळी पाठवला आणि दुपारपर्यंत मला तीन फोन केले. उत्तर सोमवारी संध्याकाळी आलं. मूळ वेतन 42,000, कामगिरीच्या रकमेतले 5,000 निश्चित पगारात, तास 18. सही करायची मुदत आणखी आठवडाभर पुढे. कुणी रागावलं नव्हतं. मेलच्या शेवटी एचआरवाल्यांनी तिला रुजू होताना आणायच्या कागदांची यादीही पाठवली होती.

एकूण वेतन नियमितच्या बरोबरीचं अजूनही नाही. म्हणजे तिथली वर्षं कॅसला धरली जातील असं आज सांगता येत नाही, आणि हे तिला माहीत आहे. हे धरूनच तिने सही केली, आणि दोन वर्षांत अनुदानित जागांच्या जाहिराती बघत राहायचं ठरवलं. रुजू झाल्याच्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मी आधी एकच विचारलं, निवड समितीच्या इतिवृत्ताची प्रत मागितलीस का? म्हणाली, "अर्ज दिलाय मॅडम, आवक क्रमांक घेतलाय."